दाभणाची खूण

आमच्या बाबांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळायचा. रायपूरला भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामावर ते चेकर होते. ट्रक आत आला की किती नग उतरले ते पाहायचं, बाहेर निघाला की किती चढले ते पाहायचं, आणि संध्याकाळी फाटकाशी उभं राहून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत नजर टाकायची, हे त्यांचं काम. हमाल असो, ड्रायव्हर असो, कारकून असो, कोणी सुटायचं नाही. माणसं फाटकाशी आली की आपणहून पिशवीचं तोंड उघडून धरायची आणि म्हणायची, "देख लो, बाबूजी." बाबा पाहायचे, मान हलवायचे, माणूस पुढे जायचा. यात कोणाला काही वाटत नाही असं बाबांचं म्हणणं होतं. मी लहानपणी दोन-चारदा त्यांचा डबा घेऊन तिथं गेले होते, आणि त्या माणसांचे चेहरे पाहून मला तरी तसं वाटलं नव्हतं.

गोदामातली त्यांची आणखी एक रीत होती. ज्या मालावर कोणाचा डोळा आहे अशी शंका यायची, त्याच्यावर ते पोती शिवायच्या दाभणानं एक बारीक खूण करून ठेवायचे. दोन तिरप्या रेघा आणि मधे टिंब. ही खूण कधी दर्शनी भागावर नसायची. पिंपाच्या बुडाशी, खोक्याच्या दुमडीत, चोराला सुचणारही नाही अशा जागी. माल बदलला की खूण गायब, आणि खूण गायब की चोर सापडला. हे दाभण रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर लुनावरून बूढ़ापाऱ्यात आमच्या घरी यायचं. त्यामुळे घरातलंही काही सुटलं नव्हतं. कुकरच्या झाकणाला आतून, टॉर्चच्या बुडाला, माझ्या कंपासपेटीला, आईच्या सगळ्या स्टीलच्या डब्यांना तीच खूण. आई म्हणायची, "एक दिवस माझ्याही कपाळावर काढा, हरवली तर सापडीन." बाबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

आता माझे केस पिकू लागलेत, पण घरी कोणी मिस्त्री आला की मी आजही स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसते. नवरा चेष्टा करतो. मी त्याला सांगते, हे रक्तात आहे, औषध नाही.

बूढ़ापाऱ्यात आमच्या भाड्याच्या वरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं. खाली एक शिंपी बसायचा, त्याच्या मशीनचा खडखडाट दिवसभर फरशीतून पायांना लागायचा. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या की दोघंही आधी हॉर्न वाजवायचे, मग भांडायचे, मग मागे घ्यायचे. आई संध्याकाळी गोळाभात टाकायची, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतलं की त्याचा चरचराट आणि वास खालच्या शिंप्यापर्यंत जायचा आणि तो वर पाहून हाक द्यायचा, "दीदी, आज फिर वही?" आई त्याला एक वाटी पाठवून द्यायची. ती वाटी परत आली की बाबा उलटी करून बुड पाहायचे.

या घरात विनूदादा राहायला आला. विनू म्हणजे आईच्या भावाचा मुलगा, डोंगरगडचा. मामांचं तिथं छोटं दुकान होतं आणि मुलाला यंत्रांचं वेड, म्हणून त्याला कॉलेजसाठी आमच्याकडे ठेवलं होतं. तो बाहेरच्या खोलीत झोपायचा, सकाळी खालून पाण्याच्या बादल्या आणायचा, जेवताना दर घासाला हिरवी मिरची चावायचा आणि आईला "आत्या, अजून थोडं तेल" म्हणायचा. आईला माहेरचं माणूस घरात आल्याचा इतका आनंद होता की ती स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती. बाबांनीही त्याला कधी तुटक वागवलं नाही. फक्त तो आला त्या दिवशी त्यांनी घरातल्या वस्तूंवर एकदा नजर फिरवली, एवढंच.

कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो भनपुरीच्या ऑफिसातून. तिथं नवी मशिनं आली आणि जुन्यांतलं एक बाबांनी मागून घेतलं, विनूच्या आणि माझ्या शिक्षणासाठी. पिवळट पडलेला, जड, चालू करताना घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करणारा. आईनं जुन्या पडद्याचं झाकण शिवलं. बाबांनी पेटीच्या मागे, कीबोर्डखाली आणि माऊसच्या पोटाला खूण केली. मशीनबरोबर एक सीडीही मिळाली होती, विंडो टाकायची, अस्सल, चमकणारं स्टिकर लावलेली. बाजारात सगळ्या नकलाच मिळतात हे बाबांनी ऐकलं होतं, म्हणून ती सीडी लोखंडी कपाटात कुलपात गेली आणि किल्ली बाबांच्या करगोट्याला.

मशीन काही दिवस बरं चाललं, मग रडायला लागलं. मधेच निळा पडदा यायचा आणि सगळं थांबायचं. विनूदादा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून विंडो नवीन टाकतो. एका सकाळचं काम आहे." बाबांनी होकार दिला, पण सीडी कोणाच्या हातात द्यायची नाही या अटीवर. कपाट त्यांनीच उघडलं, सीडी त्यांनीच काढली, खिडकीशी जाऊन उजेडात तिरपी करून पाहिली, आणि स्वतःच्या हातानं ट्रेमध्ये ठेवली. मला वाटलं धूळ पाहतायत. मशीन पुसून कोरं झालं, मग सीडीवरच्या फायली एकेक करून आत उतरू लागल्या, पडद्यावरची पट्टी पुढे सरकत गेली, आणि बरीच पुढे जाऊन थांबली. एक फाईल उतरवता येत नाही, पुन्हा प्रयत्न करायचा का, असं विचारायला लागली. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. मशीन आता ना जुनं राहिलं ना नवं झालं.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला आधी खोडरबराचा वास आठवतो. विनूदादानं पेटी उघडली, मेमरीची पट्टी बाहेर काढली आणि तिचे पिवळे दात माझ्या सुवासिक खोडरबरानं घासले. असं केलं की संपर्क नीट बसतो म्हणे. पुन्हा तिथंच अडलं. पंख्यातली धूळ फुंकली, आतली रुंद वायर काढून उलटसुलट लावली, स्टॅबिलायझर बदलून पाहिला, हार्ड डिस्कची तपासणी लावली, तिला काही झालेलं नव्हतं. प्रत्येक वेळी बाबा सीडी काढायचे, खिडकीशी नेऊन पाहायचे, ट्रेमध्ये ठेवायचे, आणि अपयश आलं की परत कुलपात ठेवून ड्यूटीवर जायचे. त्यामुळे प्रयोग फक्त बाबा घरी असतानाच व्हायचे, आणि पूर्ण वेळ ते स्टुलावर बसून विनूच्या हातांकडे पाहत असायचे. एकदा विनूदादानं विचारलं, "काका, सीडी मी पाहू का? कुठी ओरखडा असेल."

"सीडी माझ्या कुलपात असते," बाबा म्हणाले. "तिले कोण ओरखडे पाडणार? बोटं नको लावू, डाग पडतात."

"मग दुसरी आणून पाहू? माझ्या दोस्ताकडे आहे, समता कॉलोनीत."

"बाजारची नक्कल माझ्या मशीनमधे नाही घालायची."

मग ती गोष्ट घडली. बाबा एक दिवस लवकर घरी येत होते. घराजवळच्या तलावाच्या वळणावर त्यांना विनूदादा भेटला. "कुठी चालला?" बाबांनी लुना थांबवून विचारलं. "सहज, दोस्ताकडे," तो म्हणाला. बाबांनी आयुष्यभर माणसांचे खिसे पाहिले होते. त्याच्या शर्टाच्या खिशात कागदाची पुडी होती आणि हात त्या पुडीवर होता. घरी येऊन त्यांनी आधी कॉम्प्युटरचं झाकण काढलं. पेटी उघडी होती आणि मेमरीची जागा रिकामी. त्यांनी मला हाक मारली, जागा दाखवली. शर्ट न बदलता स्टुलावर बसून राहिले. चहा गार झाला.

विनूदादा परत आला आणि त्यानं आपणहून सांगितलं. दोस्ताच्या मशीनमध्ये लावून पाहिली, मेमरी चांगली आहे, दोष दुसरीकडे आहे. पुडी सोडून त्यानं पट्टी बसवली.

"मग काहून 'सहज' म्हणाला?"

उत्तर साधं होतं, तुम्ही नेऊ दिली नसती. पण ते कोण म्हणणार? विनूदादा मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला, आणि मान खाली घातलेला माणूस म्हणजे काय हे बाबांना भनपुरीत शिकवलेलं होतं.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात संशय राहायला आला. बाबांनी ठरवून टाकलं की आपली चांगली मेमरी विकली गेली आणि तिच्या जागी कुचकामी आली, म्हणूनच विंडो बसत नाही. आधी बसत नव्हती ती कशानं, हे आईनं विचारलं तर म्हणाले, "आधी बी काहीतरी काढलंच असेल." आई चिडली. "माझ्या माहेरचा आहे म्हणून बोलून राहिले ना? तुमच्या भावाचा पोट्टा असता तर?" बाबा म्हणाले, "चोराले काय माहेर अन् सासर." मग दोन दिवस पोळ्या जाड आल्या. विनूदादा जेवायला बसला की त्याच्या मिरची चावण्याचा आवाजही मोठा वाटायचा. मी सुद्धा त्याच्याकडे चोरून पाहायला लागले. कॉलेजातून उशिरा आला तर कुठे गेला असेल, नवी चप्पल कुठून आली, असले प्रश्न माझ्या डोक्यात आपोआप उगवायचे. नवी चप्पल मामांनी आणली होती, माझ्यासमोरच.

आणि एक दिवस मी स्वयंपाकघरातून पाहिलं की बाहेरच्या खोलीतल्या खुंटीला आईची पर्स लटकत होती, ती आईनं काढली, पदराखाली घेतली आणि आत नेऊन तांदळाच्या डब्यामागे ठेवली. वळली तर दारात विनूदादा उभा. त्याच्या हातात पाण्याची बादली होती. त्यानं बादली ठेवली, आणि त्या दिवसापासून तो आमच्याशी हिंदीत बोलू लागला. आमच्या गल्लीत निम्मी पोरं घरातही हिंदीच बोलायची, त्यामुळे बाबांच्या लक्षातही आलं नसेल. आईच्या आलं.

बाबांनी जाहीर केलं, "रविवारी याले घेऊन डोंगरगडला जातो. याच्या बापाच्या हाती देतो अन् सांगतो." परीक्षा तोंडावर आली होती. कॉलेज सुटलं की विनूदादा मामांच्या दुकानात बसणार आणि नावापुढे चोर लागणार, ते कायमचं, कारण डोंगरगडसारख्या गावात असली गोष्ट स्टेशनवरून माणसाच्या आधी घरी पोचते. आई रडली, भांडली, उपाशी राहिली. बाबा हलले नाहीत.

रविवारी सकाळी विनूदादा म्हणाला, "काका, एक आखरी बार कर लेते हैं." बाबांनी कपाट उघडलं. खिडकीशी गेले, सीडी तिरपी केली, पाहिली, ट्रेमध्ये ठेवली. पट्टी सरकत गेली. खालून शिंप्याचं मशीन चालू होतं. आम्ही तिघं उभे होतो, बाबा स्टुलावर. पट्टी नेहमीच्या जागी आली आणि थांबली.

बाबा उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, फाटकावर असतो तसा तो कोरडा होता. "पाहा, आता मी समजावून सांगतो. पेटीवर माझी खूण आहे, पेटी तीच. कीबोर्डवर आहे, तो तोच. सीडीवर आहे, म्हणून सीडी बी कोणी बदलली नाही, दरवेळी पाहूनच लावतो मी. एक मेमरीवर खूण नव्हती. कारण ते आत असते हे मले माहीत नव्हतं. जिथं खूण नाही तिथंच माल गेला. असंच होते."

विनूदादानं खाली घातलेली मान हळूहळू वर केली. "काका, सीडी पे निशान कहाँ है?"

"आहे."

"दिखाइए."

बाबांनी ट्रे उघडून सीडी काढली आणि अभिमानानंच उलटी केली. चमकत्या बाजूला, कडेपासून जरा आत, उजेडात धरलं तरच दिसणाऱ्या दोन तिरप्या रेघा आणि मधे टिंब. विनूदादानं हात लावला नाही, नुसता वाकून पाहत राहिला.

"किससे किया?"

"दाभणानं. पुढच्या बाजूले स्टिकर आहे, ते खराब नाही करायचं. मागची बाजू कोरी असते, म्हणून मागं केली."

"काका," तो म्हणाला, "कोरी बाजू नाही ते. सगळं त्याच्यावरच लिहिलेलं असते." हे वाक्य तो मराठीत बोलला. बहुतेक इतका थकला होता की भाषा निवडायचं भान राहिलं नसावं.

आईला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. ती खाली बसली. बाबा म्हणाले, "एवढ्याशा रेघेनं काय होते?" मग विनूदादा म्हणाला, "दोस्त के पास दूसरी है. आप साथ चलिए." मी वरून पाहिलं, लुनावर पुढे बाबा, मागे विनूदादा, गल्लीतून समता कॉलोनीकडे निघाले. दोघांच्या मधे एक पिशवी मावेल एवढी जागा सोडून तो बसला होता. दुसरी सीडी आली. त्या दोस्तानं हातानं मार्करनं नाव लिहिलेली, नक्कल. पट्टी सरकली, ठरलेल्या जागी आली, आणि न थांबता पुढे निघून गेली. थोड्या वेळानं पडद्यावर निळं आकाश आणि हिरवी टेकडी उगवली. मेमरी तीच होती, आमचीच.

आई म्हणाली, "आता बोला. त्या पोराशी बोला काहीतरी."

बाबा म्हणाले, "चालू झालं ना? झालं तर मग." आणि ते गच्चीत जाऊन उभे राहिले. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की मी दिवसभर त्यांना पाणीही दिलं नाही. आज वाटतं, ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या पाहिल्या त्याला स्वतःची उघडायची सवय नव्हती. पण राग अजून पुरता गेलेला नाही, हेही खरं.

डोंगरगडला जाणं अर्थातच रद्द झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विनूदादानं सांगितलं की त्या दोस्ताच्या खोलीत जागा आहे, परीक्षेपर्यंत तो तिथं राहील. आईनं थांब म्हटलं नाही. ती चूल पेटवून मुरमुऱ्याचा चिवडा करायला लागली, भरपूर शेंगदाणे आणि डाळ्या घालून, आणि एका स्टीलच्या डब्यात भरून त्यानं बांधलेल्या बॅगेत वर ठेवून आली.

निघताना विनूदादा बाबांसमोर आला. त्यानं बॅग जमिनीवर ठेवली, चेन पूर्ण उघडली, दोन्ही हातांनी तोंड फाकवून धरलं आणि म्हणाला, "देख लो, काका."

बाबांनी बघायला नको होतं. पण नजर सवयीनं आत गेली. डबा आडवा पडला होता, बुडावरची खूण समोर आली होती. बाबांच्या तोंडून निघून गेलं, "हा डबा आपला आहे."

विनूदादानं डबा बाहेर काढला. खांद्यावरचा टॉवेल पसरला, चिवडा त्यावर ओतला, डबा झटकून स्टुलावर ठेवला आणि टॉवेलाची गाठ मारायला लागला. तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं गाठ सोडली. ओंजळीनं चिवडा पुन्हा डब्यात भरला, सांडलेला एकेक शेंगदाणा वेचला, झाकण घट्ट लावलं. "डबा माझ्या घरचा आहे," ती म्हणाली, "अन् माझ्या घरचा डबा कोणाले द्यायचा ते मी पाहीन. ने रे विनू." मग थांबून म्हणाली, "पर्स मी उचलली होती. तू पाहिलं, ते मले माहीत आहे. मले माफ कर." विनूदादानं तिच्या पायांना हात लावला. मग बाबांच्याही लावला. बाबा भिंतीकडे पाहत होते.

तो डबा परत आला नाही. विनूदादा पास झाला, भिलाईला नोकरीला लागला, पुढे पुण्याला गेला, लग्नाला आम्हाला बोलावलं, तेव्हा आई आणि मी गेलो. दर दिवाळीला आई भांडी घासून मांडायची आणि बाबा डबे मोजायचे, आणि मोजून झाले की म्हणायचे, "एक विनूकडे आहे." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मला वाटायचं, कमाल आहे या माणसाची, अजून डबाच दिसतो. कित्येक दिवाळ्या हे चाललं.

बाबा निवृत्त झाले, लुना विकली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. एका हिवाळ्यात विनूदादा बायकोला घेऊन रायपूरला आला. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी आवाज ओळखला, बस म्हणाले, प्रकृती, मुलंबाळं, पुण्याची थंडी, सगळं विचारून झालं. मग एकदम म्हणाले, "विनू, आपला एक डबा आहे तुझ्याकडे."

स्वयंपाकघरात आईच्या हातातली भांडी थांबली. मी डोळे मिटून घेतले.

"आहे ना, काका," विनूदादा म्हणाला. "रोजच्या वापरात आहे. तुमची खूण बी तशीच आहे."

बाबांनी अंदाजानं हात पुढे केला, तो विनूदादाच्या गुडघ्यावर पडला, तिथंच राहिला. "असू दे तुझ्यापाशी," ते म्हणाले. "तुझाच आहे तो."

त्यानंतरच्या दिवाळीला त्यांनी डबे मोजले नाहीत.